पाण्यावरचा पहारा

जाहीर निवेदन. या प्रकरणाचा विषय लघवी हा आहे. विषय अत्यंत गंभीर आहे. आमच्या घराण्याच्या इतिहासात त्याला पानिपताचं स्थान आहे, कारण इथंही माणसं आधी तहानेनं आणि मग वडीलधाऱ्यांच्या आत्मविश्वासानं आडवी झाली. जेवताना वाचायची सवय असलेल्यांनी कृपया ताट संपवून यावं. आणि ज्यांना माझ्याबद्दलचं बरं मत टिकवायचं आहे त्यांनी हे प्रकरण सोडून थेट पुढचं उघडावं. तिथं मी कॉलेजात जाते आणि बरीच सुधारते.

लीड्सच्या उत्तर अंगाला, चढावरच्या एका शांत रस्त्यावर आमचं घर होतं. पुढे गुलाब, मागे हिरवळ, वर तीन बेडरूम आणि एक बाथरूम, आणि खाली जिन्याखाली कोंबलेलं एक टॉयलेट, ज्यात बाबा उभे राहिले की त्यांचं डोकं उतरत्या छताला लागायचं. बाबा हाडांचे डॉक्टर, आई डोळ्यांची. म्हणजे माणसाचा सांगाडा आणि त्याला बसवलेल्या दोन खिडक्या एवढं आमच्या घराण्याच्या ताब्यात होतं. मधला सगळा मऊ, ओला, वाहता ऐवज दोघांच्याही हद्दीबाहेर. तरी कुणाला बरं नाहीसं झालं म्हणून जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जायची आमच्यात पद्धत नव्हती. आचाऱ्यानं शेजाऱ्याकडे जेवायला जाण्यासारखं ते वाटायचं. दुखण्यांचा निकाल स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भात आणि ताक यांच्यामध्ये लागायचा. माझ्या कांजिण्या पहिले दोन दिवस डासांचे चावे ठरल्या होत्या. लीड्समध्ये, मार्च महिन्यात.

त्या घराचा आवाज म्हणजे पाइपांचा आवाज. कुठलाही नळ उघडला की भिंतीतून शंख फुंकल्यासारखा 'हूंऽऽ' असा सूर निघायचा आणि सबंध घराला कळायचं की कुणीतरी पाणी घेतंय. वर्षानुवर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मग वैशू आली, आणि घर दिवसभर शंख फुंकायला लागलं.

वैशू माझी मामेबहीण. माझा मामा आणि मामी नाशिकजवळ स्कूटरवरून जाताना ट्रकखाली गेले. दोघांच्या मध्ये बसलेली वैशू उडून रस्त्याकडेला पडली. डोक्याला मार बसला, चार दिवस शुद्ध नव्हती, आणि पाचव्या दिवशी डोळे उघडून तिनं पहिली गोष्ट मागितली ती पाणी. हे आई सगळ्यांना गहिवरून सांगायची. गहिवरण्यापलीकडे कुणी त्याचा विचार केला नाही. त्यानंतर वर्षभर ती नाशिकला तिच्या मामांकडे राहिली, आणि मग आईनं खटपट करून तिला आमच्याकडे आणली. ती सोळाची, मी चौदाची, एकुलती एक, लाडावलेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संपूर्ण रिकामटेकडी. तिचा व्हिसा ऑक्टोबरअखेर संपणार होता. तो वाढवायचा अर्ज बाबांनी भरायचा होता आणि बाबा तो भरत नव्हते. नाशिकच्या मामांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "रोज गादी वाळत घालायची आमच्या हिची ताकद राहिली नाही. परत आली तर वसतिगृहात ठेवू." आईनं ते वैशूपासून लपवलं. मी सांगितलं.

पहिल्या सकाळी चहाच्या आधी वैशू सात ग्लास पाणी प्यायली. तेही साधं नाही. दात वाजतील इतकं गार. इंग्लंडातलं नळाचं पाणी मुळातच हुडहुडी भरवणारं, पण तिला तेही पुरायचं नाही. फ्रीझरच्या भिंतीवर साचलेला बर्फ ती चमच्यानं खरवडून खायची, मटारांच्या पिशवीला चिकटलेलासुद्धा. आईला वाटलं फ्रीझर फार गुणी निघाला, बर्फच धरत नाही. आणि जेवढं आत तेवढं बाहेर. दर अर्ध्या-पाऊण तासानं वैशू उठायची, अंग चोरत, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता. सकाळी सातला वॉशिंग मशीन सुरू व्हायचं. त्यात तिची चादर आणि गाऊन गरगर फिरायचे आणि त्या घरघरीत आम्ही टोस्ट खायचो, मशीनकडे न बघता. म्हणजे ते तिघं बघायचे नाहीत. मी खुर्ची वळवून घ्यायचे.

एका रविवारी बाबांनी हॉस्पिटलातून लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी आणली. वैशूनं मान खाली घालून मुरांब्याच्या जुन्या बरणीतून नमुना आणून टेबलावर ठेवला. ना रंग, ना वास. बरणीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं.

"हिनं नळाखालीच भरली का?" मी विचारलं. बाबा हसले, म्हणून मी पुन्हा विचारलं.

त्या पट्टीवर रंगांचे दहा चौकोन असतात. बाबांनी एक पाहिला, साखरेचा. त्याच पट्टीवर लघवी किती दाट आहे ते सांगणारा एक चौकोन असतो, आणि तो त्या दिवशी टाहो फोडून सांगत होता की हे जवळजवळ नुसतं पाणीच आहे. पण तो चौकोन हाडांचा नव्हता.

"साखर नाही," बाबांनी जाहीर केलं. "म्हणजे डायबिटीस नाही."

"मग काय आहे?" आईनं विचारलं.

"सवय." बाबा ताकात मीठ घालत म्हणाले. "पाणी पिते म्हणून जाते. पिणं कमी केलं की जाणं कमी होईल. सोपं आहे."

"दादा-वहिनी गेले तेव्हापासून सुरू झालंय हो. मनाचा धक्का असतो."

"असू दे. मनाच्या धक्क्याला दिवसाला दहा लिटर लागत नाहीत."

"काका, मला खरंच तहान लागते," वैशू म्हणाली.

"सगळ्यांनाच लागते. आम्ही बोलून दाखवतो का?"

दुसऱ्या दिवसापासून तिला दीड लिटरची एक बाटली मिळू लागली. बाटलीवर काळ्या मार्करनं तीन रेघा: सकाळ, दुपार, संध्याकाळ. सकाळची रेघ साडेआठला ओलांडलेली असायची. नळ उघडायची सोय नव्हती, शंख वाजला असता. म्हणून वैशू बिनआवाजाचं पाणी शोधायला शिकली. फुलदाणीतलं. शेकायच्या रबरी पिशवीतलं. बागेतल्या झारीतलं, ज्यात आदल्या दिवशीचा एक कोळी तरंगत होता. तो तिनं बोटानं बाजूला केला, मी खिडकीतून पाहिलं. आई सकाळी देवापुढे तांब्या भरून ठेवायची, तो दुपारपर्यंत कोरडा. "आई, देव आजकाल खूप पितो," मी म्हणाले, आणि वैशूचे कान लाल होताना बघत बसले.

आता रंगमंचावर पूर्णपणे मी येते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल.

मी तिचं नाव 'पाणपोई' ठेवलं. माझं मराठी तेव्हा अगदीच कामचलाऊ होतं, आणि हा शब्द मला तिनंच शिकवला होता, नाशिकचं सांगता सांगता: रस्त्याकडेला लाल ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, शेजारी पितळेचं ओघराळं, कुणीही यावं आणि प्यावं. सांगताना तिचा आवाज मऊ झाला होता. आठवड्याच्या आत मी तो शब्द तिच्याच गळ्यात बांधला. वरच्या बाथरूमची कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येते हा शोधही माझा. ती तशी बंद करायची, मग खालच्या टॉयलेटात इतिहासाचं पुस्तक घेऊन बसायचं, आणि वाट बघायची. पाचेक मिनिटांत दाराबाहेर पावलं यायची. आधी चालणारी, मग जागच्या जागी नाचणारी.

"केतकी, उघड ना गं."

"इंग्लंडच्या राजाच्या सहा बायका, ऑर्डरमध्ये सांग. मग उघडतो मी."

ती सांगायची. दाराला कपाळ टेकून, दात आवळून, सहाच्या सहा. चुकली की मी पहिल्यापासून सांगायला लावायचे. मराठी मंडळाच्या सहलीत मी तिची नक्कलही केली: बाटली उलटी धरून शेवटचा थेंब जिभेवर पाडणारी वैशू, मग गुडघे जुळवून धावणारी वैशू. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. लोकांना हसवण्याची मला आयुष्यभर जी चटक लागली ती त्या दुपारी, त्या हिरवळीवर लागली, आणि वैशू तिथंच सतरंजीवर बसली होती. तीही हसत होती. न हसून सांगणार कुणाला?

आज वैशू मिल्टन कीन्सला असते. कंप्यूटरची नोकरी, नवरा, दोन मुलं, आणि रस्त्यात दर दोन मिनिटांनी एक राउंडअबाउट. मी अजूनही जेवणावळीत ही गोष्ट सांगते, पण झारी आणि फ्रीझरपर्यंतच. तेवढ्यावर हशा हमखास मिळतो. परवा ती म्हणाली, "तू नेहमी हरतालिकेच्या आधी थांबतेस." खरं आहे. म्हणून आज थांबत नाही.

आमच्या घरी हरतालिका मोठी व्हायची. महादेवाच्या पिंडीसाठी आई मुलांच्या खेळायच्या वाळूची पिशवी आणायची, त्यावर बादली-फावड्याचं चित्र असायचं. सोळा प्रकारची पत्री लीड्सात मिळवायची म्हणजे कुंपणाची, आयव्हीची, पुदिन्याची, शेजारच्या बागेतून वाकून तोडलेली. पार्वतीनं कधी तक्रार केली नाही. मंडळातल्या आठ-दहा बायका यायच्या, रेशमी साड्या आणि आत लोकरीचे मोजे. या सगळ्यांवर राज्य जोगळेकर काकूंचं. लग्नापासून एकही वर्ष न चुकता त्यांनी ही निर्जळी केली होती, थेंबसुद्धा न घेता, आणि हे त्या भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, अगदी पोस्टमनलासुद्धा.

आठवडाभर आधी काकू तयारीचं बघायला आल्या. "मुली करणार ना गं यंदा उपवास?"

"मी करणार," मी म्हणाले. "वैशूला नाही जमणार. ती अर्धा तास पण नाही राहू शकत."

वैशू काकड्या चिरत होती. सालं काढता काढता तिनं एक साल तोंडात टाकलं होतं, ते तसंच राहिलं.

"का नाही जमणार?" बाबांनी पेपर खाली केला. त्यांच्या चेहऱ्यावर अवघड फ्रॅक्चर जुळवताना येतो तसा उत्साह होता. "उलट हीच संधी आहे. वैशाली, एक दिवस निर्जळी काढून दाखव. म्हणजे ही नुसती सवय आहे हे सिद्ध होईल, आणि सवय सुटते हेही सिद्ध होईल. गणपतीच्या दिवशी सकाळी तुझा फॉर्म भरतो."

"खरंच, काका?"

"शब्द देतो."

"अहो, निर्जळी कशाला? दूध, फळं घेऊ दे," आई म्हणाली.

"मग सिद्ध काय होणार?"

"आणि पार्वतीनं तर झाडाचं पानसुद्धा सोडलं होतं, शंकर मिळावा म्हणून," काकू म्हणाल्या. "हिला तर नुसता व्हिसाच हवाय."

"आणि नाही जमलं तर?" हा प्रश्न माझा. दुसऱ्या कुणी तो विचारला नसता. बाबांनी पेपरचं पान उलटलं, आणि वैशूनं ते पान उलटताना पाहिलं.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी सहाला ती शेवटचं पाणी प्यायली. पहारेकरी म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी ती मागून घेतली होती. वहीतला एक कागद फाडून मी वर सुबक अक्षरात लिहिलं, 'पाणपोई उघडण्याच्या वेळा'. कडेला जीभ बाहेर काढलेल्या वैशूचं चित्र. खाली दोन रकाने, 'आत' आणि 'बाहेर'. सात वाजता बाहेर एक खूण. सव्वासातला दुसरी. डाव्या रकान्यात काही नाही, कारण मी सावलीसारखी तिच्या मागे होते. आई वाळूची पिंडी करायला बसली तेव्हा वाळू भिजवायचं काम वैशूकडे आलं. तिनं ओली बोटं हळूच ओठांकडे नेली. "आऽऽई! वाळू चाटते ही!" मी ओरडले. तिनं बोटं ओढणीला पुसली.

मी? मी अकरा वाजता गॅरेजमध्ये जाऊन ऑरेंज स्क्वॉशचे दोन ग्लास आणि बटाट्याच्या क्रिस्प्सचं एक पाकीट उरकलं. पत्कर कुणी घेतला होता खऱ्या उपवासाचा? परत आले तर वैशू जिन्यात बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पुढे झुकली, माझ्या तोंडाजवळ नाक आणलं, डोळे मिटले आणि सावकाश वास घेतला. "ऑरेंज," ती म्हणाली. बस्. कुणाला सांगितलं नाही, रागावली नाही. पुन्हा एकदा वास घेतला आणि उठून टॉयलेटला गेली. मी खूण केली.

दुपारी तिचे ओठ पांढरे पडले. बोलताना जीभ टाळूला चिकटून 'टक्' असा आवाज यायला लागला, आणि मी ताबडतोब त्याची नक्कल बसवली. तीनला बायका जमल्या. पूजा सुरू झाली, काकू कहाणी वाचायला लागल्या. कहाणीत वैशू दोनदा उठली. दुसऱ्यांदा परत येताना तिनं भिंतीला हात धरला होता. माझ्या कागदावर उजवीकडे अकरा खुणा झाल्या होत्या, आणि माझ्या डोक्यात आतापर्यंतचा सर्वांत मोठा प्रयोग शिजत होता. मी उभी राहिले. घसा साफ केला. कहाणी थांबली.

"ही चीटिंग करते," मी म्हणाले. "माझ्याकडे प्रूफ आहे. सकाळपासून अकरा वेळा गेली. काही प्यायलीच नाही तर येते कुठून?"

काय शांतता पसरली! असा परिणाम मला त्यानंतर कुठल्याच स्टेजवर साधला नाही.

"अगं बाई, देवाच्या उपवासात चोरून!" काकूंनी पोथी मिटली.

बाबा बाहेरच्या खोलीतून आले. "कुठून पितेस?"

"नाही प्यायले, काका."

"अकरा वेळा! लघवी काय हवेतून होते?"

आईनं तिचा दंड धरला. "वैशू, खरं सांग. सगळ्यांसमोर लाज काढलीस."

"आत्या, शप्पथ नाही प्यायले गं. येतंच राहतंय. मला थांबवताच येत नाही." टक्, टक्.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "फॉर्मचं आता विसर."

मग वैशू रडायला लागली. चेहरा चुरगळला, खांदे हलायला लागले, फडकं फाटल्यासारखा आवाज यायला लागला. आईच्या तोंडात आणखी एक वाक्य तयार होतं, ते तिथंच थांबलं. तिनं वैशूची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली, दवाखान्यात दिवसातून चाळीस वेळा ओढायची तशी.

"अहो," आई म्हणाली, फार हळू. "ही रडतेय आणि डोळे कोरडे आहेत."

"उपवास आहे. थोडं डिहायड्रेशन..."

"थोडं? अहो, थेंब नाहीये. डोळ्यात थेंब नाही आणि ही अकरा वेळा जाऊन आलीय." मग ती माझ्याकडे वळली. "तो कागद दे."

मी दिला. आई तो बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं चित्र बघतेय. ती डावा रकाना बघत होती. "तू सकाळपासून हिच्यामागे होतीस? सगळा वेळ?"

"हो."

"एकदाही प्यायली नाही?"

मी मान हलवली. खोटं बोलायला जागाच ठेवली नव्हती मी स्वतःला. तेवढ्यात वैशू काकूंकडे बघून अगदी सहज म्हणाली, "आई, बाबांना स्कूटर हळू चालवायला सांग ना," आणि वाळूच्या महादेवावर आडवी झाली.

हॉस्पिटलात तिला तपासणारी रजिस्ट्रार डॉक्टर बाबांच्या निम्म्या वयाची होती, यॉर्कशरची, केस पेन्सिलनं वर बांधलेले. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आज ती किती प्यायली आणि किती वेळा गेली, कुणाला माहीत आहे?" बाबांनी छताकडे पाहिलं. आईनं माझा कागद पुढे केला.

"वा," ती म्हणाली. "फ्लुइड चार्ट. वेळांसकट. हा कुणी ठेवला?"

मी बोट वर केलं.

"वेल डन, लव्ह." तिला मराठी येत नव्हतं. चित्राबद्दल तिनं विचारलं नाही. आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, काही लायकीपेक्षा जास्त, पण त्या एका शाबासकीइतकी कुठलीच लागली नाही.

रक्त तपासून आलं. त्यात मीठ इतकं चढलं होतं की रजिस्ट्रारनं आकडा दोनदा वाचला. मग तिनं बाबांना समजावून सांगितलं, सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं, आणि बाबांनी ते ऐकून घेतलं. मेंदू सतत रक्त चाखत असतो. रक्त जरा खारट झालं की तो दोन गोष्टी करतो: माणसाला तहान लावतो, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून एक हार्मोन रक्तात सोडतो. तो मूत्रपिंडांना सांगतो, पाणी धरून ठेवा. मग मूत्रपिंडं लघवीतलं पाणी परत रक्तात ओढून घेतात, लघवी थोडी आणि पिवळी होते. पाणी भरपूर झालं की निरोप बंद, लघवी फिकी आणि पुष्कळ. वैशूच्या डोक्याला मार बसला त्या दिवसापासून निरोप जातच नव्हता. मूत्रपिंडं धडधाकट होती, पण हुकूम नाही म्हणून आलेलं सगळं पाणी सोडून देत होती. शरीर तिला वाचवत होतं ते एकाच उपायानं, तहानेनं. आणि तोच आम्ही बंद केला होता. ती पीत होती म्हणून जात नव्हती. जात होती म्हणून पीत होती. यालाही डायबिटीसच म्हणत, पण साखरेशी याचा संबंध नावापुरता, आणि आता म्हणे ते नावही बदललंय, गफलत होऊ नये म्हणून. बाबांसाठी थोडा उशीर झाला.

"शंका आली की आम्ही एक टेस्ट करतो," रजिस्ट्रार म्हणाली. "पेशंटला वॉर्डात काही तास पाणी देत नाही. नर्स शेजारी असते. दर तासाला वजन, रक्त, लघवी. वजन जरा उतरलं की लगेच थांबवतो, कारण त्यापुढे जिवाला धोका असतो." तिनं माझा कागद फाइलला लावला. "तुम्ही ती घरीच केलीत. फक्त थांबवायची राहिली."

वैशूला त्या हार्मोनसारख्याच औषधाचं इंजेक्शन दिलं. पाणी मात्र हळूहळू, मोजून. एकदम दिलं असतं तर मेंदूला सूज आली असती. म्हणजे शुद्धीवर आल्यावरही ती "पाणी, पाणी" म्हणत होती आणि लोक तिला "थांब" म्हणत होते. या वेळच्या लोकांना आपण काय करतोय ते माहीत होतं, एवढाच फरक. मी खुर्चीत बसून रडले. पश्चात्ताप होता, भीतीही होती, आणि आपण रडताना दिसावं हा विचारही थोडा होता. मी खोटं लिहिणार नाही. वैशूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बघ," ती म्हणाली, "तुझे चालू आहेत."

दुसऱ्या दिवशी गणपती. घरी काकूंनी कशीबशी पूजा उरकली, आणि आम्ही तिघं वॉर्डात एका प्लास्टिकच्या मापाभोवती उभे होतो. नर्सनं ते उजेडात धरलं. तळाशी जेमतेम दोन बोटं, आणि चक्क पिवळं. आईनं हात जोडले. वैशू त्या रंगाकडे बघतच राहिली, दीड वर्षानं भेटलेल्या माणसाकडे बघावं तशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा फॉर्म घेऊन आले. माफी मागणं हे त्यांच्या शिक्षणात नव्हतं, म्हणून त्यांनी टाय घातला होता. फॉर्ममध्ये एक मोठी चौकट होती: या मुलीनं तुमच्याकडेच का राहावं? बाबांनी त्यात लिहून शिवाय दोन जादा पानं जोडली होती. चष्मा लावून ते पलंगाशी उभे राहिले आणि वाचायला लागले, एकेक वाक्य इंग्रजीत आणि मग तिच्यासाठी मराठीत. मुलीला या देशात दुसरं कुणी नाही. आमच्या घरात तिला मुलीसारखं प्रेम मिळतं. इथं त्यांनी खोकून माझ्याकडे पाहिलं. "आणि सर्वांत महत्त्वाचं," बाबांनी वाचलं, "पती-पत्नी दोघंही अनुभवी डॉक्टर असल्यामुळे तिच्या प्रकृतीची संपूर्ण काळजी घरच्या घरी घेतली जाईल."

वैशू मन लावून ऐकत होती. तिला त्या घरी यायचं होतं, कुठल्याही किमतीला यायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ओठांना व्हॅसलीन, हाताला सुई, आणि त्या शेवटच्या वाक्यावर तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी पसरली. बाबांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं, आणि ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलून गेली:

"ते सगळं ठीक आहे, काका, पण मी आजारी पडले तर?"